तयार भिंतींची उभारणी आणि मजुराचा दिवस

प्रस्तावना

सार्वजनिक गृहनिर्माणाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात जमिनीच्या किमती, सरकारी अनुदाने, सोडतीसाठी आलेले अर्ज आणि ताबा मिळण्यास झालेला विलंब यांची चर्चा विपुल असते. परंतु ज्यांच्या श्रमाने ती घरे प्रत्यक्ष उभी राहतात त्या मजुरांच्या एका दिवसातून किती काम निष्पन्न होते, ते कमी पडले तर का पडते आणि वाढले तर कशामुळे वाढते, हा प्रश्न मक्तेदाराच्या हिशेबवहीच्या बाहेर क्वचितच येतो. प्रस्तुत पुस्तकाने हाच उपेक्षित प्रश्न हाती घेतला आहे, आणि कारखान्यात आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या भिंती, लाद्या आणि जिने जागेवर आणून बसवण्याच्या कामापुरता त्याचा विचार मर्यादित ठेवला आहे. ही मर्यादा मला योग्य वाटते. हे एकच काम बारकाईने पाहिले म्हणजे, मजुराची उत्पादकता ही त्याच्या अंगातून पिळून काढण्याची वस्तू नसून त्याच्या हाताला थांबावे लागू नये अशी जी तजवीज इतरांनी केलेली असते तिचे ते फळ आहे, हे सत्य इतक्या स्पष्टपणे दिसते की बांधकामाच्या अन्य कोणत्याही शाखेत ते तसे दिसत नाही.

तयार भिंतीची कल्पना नवी नाही. लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन अलेक्झांडर ब्रॉडी यांनी १९०५ च्या सुमारास एल्डन स्ट्रीट येथे श्रमिकांसाठी महापालिकेची जी इमारत बांधली, तिच्या भिंती अगोदर ओतून मग जागेवर उभ्या केल्या होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, शहरे उद्ध्वस्त झालेली, घरांची निकड अपरंपार आणि विटा रचणारे कसबी गवंडी मात्र मोजके, अशा परिस्थितीत फ्रान्समध्ये रेमों काम्यू यांची पद्धती आणि डेन्मार्कमध्ये लार्सन-निल्सन पद्धती पुढे आली. घरबांधणीविषयीच्या १९५७ च्या ठरावानंतर सोव्हिएत संघाने पाच मजली पॅनेल-इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. या सर्व प्रयत्नांमागील प्रेरणा एकच होती : जे कसब दुर्मिळ आहे ते मोकळ्या, वाऱ्यापावसाच्या जागेतून उचलून छपराखाली न्यावे, तेथे साच्याच्या साहाय्याने त्याची बचत करावी, आणि प्रत्यक्ष जागेवर केवळ जुळणी शिल्लक ठेवावी. मात्र ‘केवळ जुळणी’ असे म्हणताना जुळणी हेही एक स्वतंत्र कसब आहे याचा पुष्कळांना विसर पडला, आणि त्या विसराची किंमत पुढे अनेक ठिकाणी मोजावी लागली.

या दृष्टीने सिंगापूरचे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते, कारण तेथील यश एका उडीत आलेले नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी तेथे गृहनिर्माण मंडळाची स्थापना झाली. त्यानंतर सव्वा वर्षाने, २५ मे १९६१ रोजी, बुकित हो स्वी येथील झोपडवस्तीला लागलेल्या आगीत सुमारे १६,००० माणसे बेघर झाली, आणि घरे किती लवकर उभी राहतात हा प्रश्न मंडळाच्या दप्तरातून निघून राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचा झाला. १९६३ मध्ये मंडळाने फ्रेंच बनावटीची एक पूर्वनिर्मित पद्धती आजमावून पाहिली, तिच्यातून अपेक्षित लाभ झाला नाही. १९७३ मध्ये डॅनिश लार्सन-निल्सन पद्धतीने घरे बांधण्याचा दुसरा, अधिक मोठा मक्ता दिला गेला; तेलसंकटाच्या काळात वाढलेल्या खर्चाच्या ओझ्याखाली तोही अर्ध्यावर सोडावा लागला. दोन्ही वेळा पद्धतीमागचे शास्त्र परदेशात सिद्ध झालेले होते. उणीव होती ती तिच्याभोवतीच्या व्यवस्थेची. साचे आणि यंत्रे विकत आणता येतात, परंतु वर्षानुवर्षे अखंड चालणारी मागणी, कारखाना आणि जागा यांच्यातील वेळापत्रकाचा मेळ, आणि एकत्र राहून हात बसलेल्या टोळ्या यांपैकी काहीच जहाजातून उतरवून घेता येत नाही.

तिसरा प्रयत्न १९८० च्या दशकाच्या आरंभी झाला. त्या वेळी घरांची मागणी वेगाने वाढत होती, आणि स्थानिक तरुण बांधकामाकडे पाठ फिरवीत असल्याने मजुरांचा तुटवडा जाणवत होता. या खेपेस मंडळाने एकाच पद्धतीवर सर्व भिस्त न ठेवता निरनिराळ्या देशांतील मक्तेदारांच्या भिन्न भिन्न पद्धती एकाच काळात आजमावल्या, त्यांची आपसांत तुलना केली, आणि अखेरीस कोणतीही एक जशीच्या तशी न स्वीकारता आपल्या परिस्थितीला मानवेल असा मिश्र मार्ग पत्करला : जे घटक पुन्हा पुन्हा तेच लागतात ते कारखान्यात करावेत, आणि जेथे जोड अखंड व्हायला हवा तेथे जागेवरचे काँक्रीट राहू द्यावे. कारखान्यात केलेल्या पातळ लादीवर जागेवर दुसरा थर ओतून दोन्ही एकजीव करण्याची रीत ही याच विवेकाचे फळ होय.

यापुढचे पाऊल मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील बांधकाम-उद्योग मंडळाने, आराखडा बांधावयास किती सुलभ आहे याचे गुणांकन करण्याची पद्धती विकसित केली. तिची सूत्रे तीन होती : मापांचे प्रमाणीकरण, रचनेचा साधेपणा, आणि अनेक सुटे भाग एकाच घटकात सामावून घेणे. २००१ पासून ठरावीक किमान गुण मिळाल्यावाचून इमारतीच्या आराखड्याला मंजुरी न देण्याचा नियम कायद्याने लागू झाला. मजुराचा वेळ वाया घालवण्याचा दोष तोवर मुकादमाच्या माथी मारला जात असे. या नियमाने त्याचा पहिला जाब आराखडा काढणाऱ्याला विचारला. एका मजल्यावर भिंतींचे चाळीस प्रकार काढणारा वास्तुशास्त्रज्ञ आणि तेच घर बारा प्रकारांत बसवणारा वास्तुशास्त्रज्ञ यांच्यातील अंतर नकाशावर शोभेचे वाटते, पण तेच अंतर जागेवर मजुरांचे शेकडो तास खाते किंवा वाचवते. आज सिंगापूरमधील रहिवाशांपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक लोक गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात, आणि २००९ साली पूर्ण झालेल्या ‘पिनॅकल ॲट डक्स्टन’ या वसाहतीत पन्नास-पन्नास मजल्यांच्या सात इमारती तयार घटकांनी उभ्या राहिल्या. त्या उंचीचा पाया या रुक्ष वाटणाऱ्या गुणपत्रकात आहे.

आता प्रत्यक्ष जागेवर काय घडते ते जवळून पाहू. कारखान्यातून आलेली भिंत मालमोटारीवर लोखंडी घोडीला टेकवून उभी असते. रिगर, म्हणजे भार अडकवणारा कामगार, तिच्या माथ्यावरील कड्यांत साखळीचे हुक अडकवतो, ते नीट बसले आहेत याची खात्री करून बाजूला होतो, आणि सिग्नलमन क्रेनचालकाला इशारा देतो. भिंत संथपणे वर जाते. वाऱ्याने ती गिरकी घेऊ नये म्हणून तिला बांधलेल्या दोऱ्या खाली दोघांनी धरलेल्या असतात. वरच्या मजल्यावर उभारणी करणारी टोळी तिची वाट पाहत असते. आदल्या मजल्यातून उभ्या सळया वर आलेल्या असतात; भिंतीच्या बुडाशी ओतकामातच ठेवलेल्या नळ्यांत त्या सळया अचूक शिरल्या पाहिजेत. तळाशी पोलादी चकत्या ठेवून पातळी आधीच साधलेली असते. भिंत चकत्यांवर टेकली की तिला दोन तिरके टेकू लावतात, टेकूचे आटे फिरवून ती इंचभर इकडे, दोराभर तिकडे अशी सरकवतात, ओळंबा पाहतात, आणि ती पक्की उभी राहिल्याखेरीज हुक सोडत नाहीत. नंतर बुडाची फट बंद करून नळ्यांत न आकसणारा पातळ मसाला, ज्याला कामावरची माणसे ग्राउट म्हणतात, खालच्या छिद्रातून दाबाने भरतात. वरच्या छिद्रातून तो अखंड धारेने बाहेर येईपर्यंत भरणे थांबवायचे नसते, कारण मध्ये अडकलेल्या हवेचा पोकळ भाग पुढे कधीच डोळ्यांना दिसत नाही.

या साऱ्या क्रियेत हुक अडकवल्यापासून तो सुटेपर्यंत क्रेन बांधलेली असते, आणि क्रेन बांधलेली असली म्हणजे सारी टोळी तिच्याशी बांधलेली असते. समजा, एका उचलीला वीस मिनिटे लागतात; तर आठ तासांच्या पाळीत चोवीस घटक बसतील. आता आदल्या मजल्याच्या सळया किंचित वाकड्या उभ्या राहिल्याने प्रत्येक भिंत बसवताना पाच मिनिटे अधिक लागली, तर तोच आकडा एकोणीसवर येतो. सात जणांच्या टोळीच्या हिशेबाने पाहिले तर एका घटकामागे दोन तास वीस मिनिटांऐवजी जवळजवळ तीन तास श्रम खर्ची पडतात. आणि या हानीत टोळीतील एकाचाही आळस कारण नाही, उलट त्या पाच मिनिटांत पहारीने सळया सरळ करताना त्यांनी नेहमीपेक्षा अधिकच घाम गाळलेला असतो. दुपारी लागणारी भिंत मोटारीवर पुढे आणि सकाळी लागणारी मागे लादलेली असेल, तर पंगत बसली आणि भात शिजायचा आहे अशी टोळीची अवस्था होते. क्रेनची ताकद अंतराबरोबर घटत जाते हे विसरून जड घटक दूरच्या टोकाला योजला असेल, तर तो बसवण्यासाठी वेगळे यंत्र मागवेपर्यंत दिवस जातो. रोजच्या हजेरीपत्रकात मात्र या सर्वांची नोंद एकाच शब्दाने होते, आणि तो शब्द मजुरांच्या वाट्याला येतो : काम मंद.

पुनरावृत्तीचे महत्त्वही येथेच कळते. टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या बांधणीवरून असे दाखवून दिले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक नगामागचे श्रम सुमारे ऐंशी टक्क्यांवर येतात. इमारतीच्या कामाला तेच प्रमाण तंतोतंत लागू पडते असे नाही, परंतु त्याच टोळीने त्याच प्रकारचा मजला पुन्हा पुन्हा उभारला की हात बसतो, ही गोष्ट कोणताही जुना मुकादम आपल्या अनुभवावरून सांगेल. त्याबरोबर तो आणखीही एक गोष्ट सांगेल : काम मध्येच पंधरा दिवस बंद पडले, टोळी पांगली आणि नवी माणसे आली, की बसलेला हात पुन्हा सुटतो. म्हणून घटकांचा पुरवठा खंडित होण्याने होणारे नुकसान त्या पंधरा दिवसांपुरते नसते. टोळीने जे शिकून कमावलेले होते तेही त्याबरोबर जाते.

मोजण्याच्या प्रश्नाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. एका मनुष्य-दिवसात किती चौरस मीटर मजला पूर्ण झाला, हे माप सोयीचे आहे आणि सिंगापूरमध्ये ते प्रचलित आहे. परंतु जागेवरील श्रम मोजताना कारखान्यातील श्रम वगळले, तर केवळ काम एका आवारातून दुसऱ्या आवारात हलवल्याने उत्पादकता वाढल्याचे दिसू लागते. सिंगापूरसाठी लागणारे पुष्कळसे घटक सामुद्रधुनीपलीकडे, मलेशियाच्या जोहोर राज्यात ओतले जातात. तेथे साचा पुसणारा, सळया बांधणारा मजूर हिशेबातून सुटला, तर तो हिशेब अपुरा आहे. तसेच, गळती लागली म्हणून दोन वर्षांनी सांधे उकरून पुन्हा भरणाऱ्यांचे श्रमही त्याच भिंतीच्या खात्यावर लिहिले गेले पाहिजेत. प्रामाणिक मापात कारखाना, वाहतूक, उभारणी आणि दुरुस्ती या चारही रकमा हव्यात. त्या मांडूनही तयार घटकांची पद्धती बहुधा सरस ठरते, पण ती सरशी तेव्हा खरी असते.

सांध्यांचा विषय निघाला की लंडनमधील रोनन पॉइंटचे स्मरण अपरिहार्य आहे. न्यूहॅम येथील ही बावीस मजली सार्वजनिक इमारत लार्सन-निल्सन पद्धतीने बांधलेली होती. रहिवासी राहावयास येऊन उणेपुरे दोन महिने झाले असता, १६ मे १९६८ रोजी पहाटे अठराव्या मजल्यावरील एका घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फारसा मोठा नव्हता. पण त्याने कोपऱ्याची भारवाही भिंत बाहेर ढकलली गेली, तिच्यावरचे मजले आधारावाचून खाली आले, त्यांच्या भाराने खालचेही कोसळले, आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा माथ्यापासून पायथ्यापर्यंत गळून पडला. चार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९८६ मध्ये ती इमारत उतरवताना, जेथे मसाला भरलेला असावयास हवा होता अशा काही सांध्यांत पोकळ्या आणि वर्तमानपत्रांचे कागद आढळले. रचनेचा मूळ दोष चौकशीत सिद्ध झालाच होता, आणि इंग्लंडमधील नियमही त्यानुसार बदलले. परंतु सांध्यांची ती अवस्था आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. ज्या कामात किती भिंती उभ्या केल्या एवढेच मोजले जाते आणि किती सांधे पूर्ण भरले हे मोजले जात नाही, तेथे वेगाचा दाब नेमका न दिसणाऱ्या जागी जाऊन बसतो. म्हणून निर्दोष भरलेल्या सांध्यासह उभी राहिलेली भिंत हेच उत्पादकतेचे एकक मानावे, असा माझा आग्रह आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी केंद्र सरकारने दिल्लीत तयार घरांचा कारखाना काढला, त्या काळापासून ही कल्पना आपल्या देशात वावरत आहे. आणि आपल्या राज्यात तिला स्थिर रूप देण्याचे श्रेय वाई तालुक्यातील पसरणीचे सुपुत्र बाबूराव शिर्के यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. पुण्याजवळ मुंढवा येथे त्यांनी स्वीडिश तंत्राने हलक्या सिपोरेक्स काँक्रीटचे उत्पादन सुरू केले, आणि त्यांच्या उद्योगाने तयार घटकांनी बांधलेली सार्वजनिक घरे मुंबई-पुण्याच्या परिसरात सहस्रावधी कुटुंबांच्या वापरात आहेत. २०२२ मध्ये सिडकोने नवी मुंबईतील बामणडोंगरी येथे ९६ घरांची इमारत ९६ दिवसांत पूर्ण करून दाखवली. सर्व पुरवठा आणि सर्व लक्ष एकवटले की काय साधते याचा तो आदर्श आहे, आणि तो अभिनंदनीय आहे. तथापि या पद्धतीची खरी परीक्षा शहाण्णवाव्या घराच्या पुढे, हजाराव्या आणि दहा हजाराव्या घराच्या वेळी होते.

आपल्याकडील अडचणी स्वतःच्या आहेत आणि त्यांची उत्तरेही आपणच शोधली पाहिजेत. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरील ओतकाम रखडते, तेव्हा छपराखालचा कारखाना हे वरदान आहे. पण कोकणपट्टीच्या त्याच पावसात बाहेरच्या सांध्याची परीक्षा युरोपातील कोणत्याही शहरापेक्षा कठोर होते. अवजड वाहनांना शहरात शिरण्यास दिवसा मज्जाव असतो, त्यामुळे दिवसाचा पुरवठा रात्रीच आणून ठेवण्याइतके आवार हवे. होळीला, छठपूजेला आणि पेरणीच्या हंगामात बिहार, झारखंड, बंगालपासून मराठवाड्यापर्यंतचे मजूर गावी जातात. त्यांचे जाणे हा त्यांचा हक्क आहे, म्हणून वेळापत्रक आखणाऱ्याने तो गृहीत धरला पाहिजे आणि परतल्यावर तीच टोळी त्याच कामावर येईल एवढी मजुरी, निवारा व विश्वास तिला दिला पाहिजे. ‘आपल्याकडे मजूर स्वस्त आहे, मग यंत्रांवर खर्च कशाला’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो मला मान्य नाही. मजूर स्वस्त आहे म्हणून त्याचा दिवस वाया घालवण्याची मुभा मिळाली, आणि त्याचा दिवस वाया जातो म्हणून तो स्वस्त राहिला, हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावेच लागेल. टांगत्या भाराजवळ उभे राहून सात टनांची भिंत दोराभर अचूकतेने बसवणारा माणूस बिगारी नव्हे. त्याला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, सुरक्षेचा पट्टा, कसबी कारागिराचा दर्जा आणि वाढलेल्या उत्पादनातला न्याय्य वाटा मिळाला पाहिजे. कारण ज्या वाढीतून श्रमिकाला काहीच मिळत नाही ती वाढ टिकवण्यात त्याला स्वारस्य असण्याचे कारण नाही.

या पुस्तकाचे वाचक कोण असतील याचा विचार करताना माझ्यासमोर प्रथम गृहनिर्माण मंडळांचे उपअभियंते आणि शाखा अभियंते येतात, त्यानंतर कारखान्याचे आणि उभारणीचे मुकादम, आणि मग स्थापत्याचे विद्यार्थी. त्यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. प्रत्येक सार्वजनिक प्रकल्पावर उभारणीची रोजकीर्द ठेवावी : किती घटक बसले, क्रेन किती वेळ थांबली आणि कोणत्या कारणाने, कोणत्या टोळीने काम केले, किती सांधे तपासून मान्य झाले, कोणाला इजा झाली. ही रोजकीर्द मक्तेदाराच्या कपाटात बंद न राहता मंडळाच्या दप्तरी जमा व्हावी आणि जनतेला पाहावयास खुली असावी, कारण ती घरे जनतेच्या पैशाने उभी राहत आहेत. असे दप्तर पाच-दहा वर्षे निष्ठेने लिहिले गेले, तर आपला आराखडा कोठे चुकतो, पुरवठा कोठे अडतो आणि मजुराचा दिवस कोण खातो याचे उत्तर परदेशी ग्रंथांत शोधावे लागणार नाही. प्रस्तुत पुस्तक अशा नोंदी कशा ठेवाव्यात आणि त्यांतून अर्थ कसा काढावा हे सांगते. ते हाती घेणाऱ्याने उद्या सकाळी कामावर पोहोचताच पहिली नोंद करावी, म्हणजे या लेखनाचे सार्थक होईल.